खाडा कोण भरणार?



आपल्या हॉस्टेलवर फुटबॉलचं वेड काही नवीन नाही. रात्री दीड वाजता मॅच, सकाळी साडेआठला प्रॅक्टिकल, जर्नल अजून कोरंच, आणि तरीही मोबाईलच्या एका स्क्रीनभोवती सात-आठ डोकी! मँचेस्टर, लिव्हरपूल, बार्सिलोना, माद्रिद... तिथल्या राखीव खेळाडूंची नावंसुद्धा आपल्याला तोंडपाठ. याच मंडळींना एक साधा प्रश्न विचारून बघा. फुटबॉलची राष्ट्रीय लीग जिंकणारा महाराष्ट्रातला पहिला क्लब कोणता? बहुतेक जण एकमेकांच्या तोंडाकडे बघतील.

उत्तर आहे महिंद्रा युनायटेड, मुंबई. साल २००५-०६. आणि चारच वर्षांनी, २०१० साली, हा क्लब बंद झाला. सारखा हरत होता म्हणून नाही, दिवाळं निघालं म्हणून नाही. चालवणाऱ्या कंपनीनं ठरवलं म्हणून!

आता तुम्ही म्हणाल, पालीच्या पोराला मुंबईच्या बंद पडलेल्या क्लबचं काय पडलंय? पडलंय, कारण त्या क्लबाच्या गोष्टीत आपल्या गावातल्या कबड्डीच्या संघाची आणि आपल्या कॉलेजच्या टीमची गोष्ट दडलेली आहे. आणि ती समजायला आपल्या बीड जिल्ह्यातला एकच शब्द पुरेसा आहे. खाडा!

पुण्या-कोकणाकडच्या मित्रांसाठी सांगतो. कामावरचा दिवस चुकला की खाडा पडतो. त्या दिवसाचा रोज बुडतो. ऊसतोडीत तर त्याहून वाईट. मुकादमाकडून आधीच उचल घेतलेली असते, त्यामुळे खाडा पडला की नुसती मजुरी जात नाही, वरून दंडही कापला जातो. आजारी पडलात तरी खाडा, पोराच्या शाळेत गेलात तरी खाडा. मग खेळायला गेलात तर काय होईल, ते सांगायलाच नको.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे. खेळाडूचा खाडा जो भरतो तोच क्लबचा खरा मालक होतो. आणि खाडा भरणारा एकटाच असेल, तर तो क्लब त्याच्या एका सहीवर जगतो आणि एका सहीवर मरतो.

आता महिंद्राची गोष्ट बघू.

हा संघ १९६२ साली महिंद्रा अँड महिंद्रा कंपनीचा संघ म्हणून सुरू झाला. जीप बनवणारी कंपनी, म्हणून लोक त्यांना 'जीपमेन' म्हणायचे. त्या काळच्या मुंबईत असे कंपनी संघ भरपूर होते. टाटा, कॅल्टेक्स, मफतलाल, पुढे ऑर्के मिल्स, आर.सी.एफ., एअर इंडिया, शिवाय रेल्वे आणि बँका. पद्धत सगळीकडे साधारण सारखी. चांगला खेळणारा पोरगा हेरायचा, त्याला कंपनीत चिकटवायचा, सरावाला आणि सामन्याला सुट्टी द्यायची. हजेरीपटावर तो कामगार, कूपरेजच्या मैदानावर तो हाफबॅक. पगार मात्र पूर्ण. म्हणजेच खाडा कंपनी भरायची!

ही पद्धत वाईट होती असं अजिबात म्हणवत नाही. उलट गरीबाघरच्या पोरासाठी यासारखी दुसरी सोय नव्हती. गुडघा मोडला तरी नोकरी शाबूत, खेळ संपला तरी पेन्शन. कबड्डीत तर महाराष्ट्राचं अर्धं वैभव यावरच उभं राहिलं. व्यावसायिक गटातली महिंद्रा, एअर इंडिया, भारत पेट्रोलियम, देना बँक ही नावं कबड्डी बघणाऱ्या कुणालाही माहीत आहेत. 'खेळ म्हणजे नोकरी' हे आपल्या आजोबांच्या पिढीला पटलं ते या संघांमुळेच.

पण यात एक गोम होती. खाडा भरणारी कंपनी एकच. तिचं बरं चाललं तर संघाचं बरं, तिचं बिघडलं तर संघाचं बिघडलं. मुंबईत जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. त्यानंतर गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या, तेव्हा भोंग्याबरोबर गिरणगावातल्या मैदानांचा आवाजही बसला. खेळाडू तेच होते, अंगातली रगही तीच होती. खाडा भरणारा तेवढा गेला.

महिंद्राचा संघ मात्र टिकला आणि वाढला. १९९६ मध्ये देशात राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू झाली. खेळ हळूहळू व्यावसायिक होऊ लागला, करार आले, परदेशी खेळाडू आले. १९९८ मध्ये या संघानं ड्युरँड कप जिंकला. २००० साली नाव बदलून 'महिंद्रा युनायटेड' झालं. मग २००१ मध्ये पुन्हा ड्युरँड, २००३ आणि २००५ मध्ये फेडरेशन कप, आणि २००५-०६ मध्ये थेट राष्ट्रीय लीग! प्रशिक्षक गोव्याचे डेरिक परेरा, संघात ब्राझीलचा बारेटो. तोपर्यंत ही लीग पंजाब, बंगाल आणि गोवा या तीनच राज्यांतल्या संघांनी जिंकली होती. २००६ आणि २००८ मध्ये कोलकात्यात जाऊन आय.एफ.ए. शील्ड आणली. २००७ मध्ये ए.एफ.सी. कपमध्ये उपांत्यपूर्व फेरीपर्यंत मजल मारली. २००८ मध्ये तिसरा ड्युरँड. सांगा, अजून काय जिंकायचं राहिलं होतं?

आणि २०१० च्या मार्च महिन्यात बातमी आली. हंगाम संपला की वरिष्ठ संघ बंद. त्याऐवजी कंपनी शाळकरी मुलांच्या फुटबॉलवर लक्ष देणार.

इथं कंपनीला शिव्या घालणं सोपं आहे, पण ते मला पटत नाही. पैसे त्यांचे होते. जवळजवळ अर्धं शतक त्यांनी संघ चालवला, हे काही थोडं नाही. शाळेतल्या मुलांसाठी खर्च करावा हा विचारही वाईट नाही. प्रश्न त्यांच्या नियतीचा नाहीच. प्रश्न असा आहे की तो निर्णय होताना संघावर जीव टाकणाऱ्या प्रेक्षकाला, तिथं घाम गाळलेल्या जुन्या खेळाडूला, कूपरेजच्या दारात उभं राहून तिकीट काढणाऱ्या माणसाला हात वर करून 'माझा विरोध आहे' असं म्हणायची काही जागा होती का? नव्हती. कारण तो क्लब 'त्यांचा' नव्हताच. ते फक्त टाळ्या वाजवायला होते.

बरं, ही एकट्या महिंद्राची गोष्ट असती तर सोडून दिली असती. पुढचा हिशोब बघा. २०११ मध्ये पंजाबातल्या फगवाड्याच्या जे.सी.टी. मिलनं आपला संघ बंद केला. पहिलीवहिली राष्ट्रीय लीग जिंकणारा हाच तो संघ! २०१३ मध्ये एअर इंडिया आणि ओ.एन.जी.सी. हे संघ आय-लीगमधून बाहेर झाले, कारण कंपनीचं खातं म्हणून चालणारे संघ नव्या क्लब परवान्याच्या नियमांत बसेनात. पुण्यात तर रांगच लागली. भारत एफ.सी. एकच हंगाम खेळून २०१५ मध्ये संपला. २००७ मध्ये सुरू झालेला पुणे एफ.सी. आय-लीगमध्ये एकदा उपविजेता झाला, पण २०१४-१५ नंतर त्या लीगमध्ये दिसला नाही. डी.एस.के. शिवाजीयन्स २०१७ मध्ये बाहेर. एफ.सी. पुणे सिटी २०१९ मध्ये बंद, आणि त्याची जागा हैदराबादला गेली. एका शहरात चार वर्षांत चार क्लब! प्रत्येकाचं कारण वेगळं सांगता येईल. पण रचना सगळीकडे तीच, एक मालक आणि एक सही.

सिव्हिलवाल्यांना विचारा, अख्खा स्लॅब एकाच कॉलमवर कुणी उभा करतं का? इलेक्ट्रिकलवाल्यांना विचारा, सबंध हॉस्टेल एका फ्यूजवर ठेवतात का? 'सिंगल पॉइंट फेल्युअर' नको म्हणून आपण व्हायवात घसा कोरडा करतो. आणि खेळाचे संघ मात्र बिनदिक्कत एका खांबावर उभे करतो.

आता जरा लांब जाऊ, इंग्लंडच्या उत्तरेला. कारण खाड्यावरून एक अख्खा खेळच दोन तुकड्यांत फुटला तो तिथं.

रग्बी हा खेळ तेव्हा साहेबांचा. लंडनच्या बाजूचे वकील, डॉक्टर, बड्या शाळांतून निघालेली मुलं शनिवारी हौसेनं खेळायची. उत्तरेला यॉर्कशायर आणि लँकेशायरमध्ये मात्र तोच खेळ गिरणी कामगार आणि खाणकामगार खेळत. त्यांना शनिवारी दुपारपर्यंत काम असे. लांबच्या गावी सामना असला की खाडा. तेव्हा उत्तरेच्या क्लबांनी मागणी केली की आम्हाला आमच्या खेळाडूंचा बुडालेला रोज भरून देऊ द्या. वेगळं मानधन नको, फक्त बुडालेली मजुरी! १८९३ च्या सभेत ही मागणी २८२ विरुद्ध १३६ मतांनी फेटाळली गेली. हौशी खेळात पैसा आला तर खेळ बाटेल, असं साहेबांचं म्हणणं. ज्याचा रोज बुडत नाही त्याला हे म्हणणं सोपं जातं!

मग २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्ड गावातल्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेचे क्लब जमले आणि त्यांनी वेगळी चूल मांडली. नाव 'नॉर्दर्न युनियन'. खेळाडूला बुडालेल्या दिवसाचे सहा शिलिंग द्यायचे ठरले. पुढे त्यांनी नियमही बदलले, १९०६ मध्ये पंधराऐवजी तेरा खेळाडू केले. आज ज्याला रग्बी लीग म्हणतात तो हा खेळ. म्हणजे सहा शिलिंगांच्या खाड्यातून जन्मलेला खेळ म्हणा ना!

या नव्या संघटनेचा पहिला हंगाम १८९५-९६ चा. २२ क्लब, प्रत्येकाला ४२ सामने. पहिला विजेता ठरला ब्रॅडफर्ड शहरातला मॅनिंगहॅम हा क्लब. आणि गंमत बघा, या पहिल्या विजेत्यानं आठच वर्षांत रग्बी सोडली. नंतरच्या हंगामांत कामगिरी घसरली, प्रेक्षक कमी झाले, तिजोरी रिकामी झाली. १९०३ च्या मे महिन्यात सभा भरली. ७५ जणांनी रग्बी सोडून फुटबॉल घ्यावा म्हणून मत दिलं, ३४ जणांनी विरोधात. मॅनिंगहॅम रग्बी क्लब संपला आणि त्याच मैदानावर 'ब्रॅडफर्ड सिटी' फुटबॉल क्लब उभा राहिला. १९११ मध्ये त्यांनी एफ.ए. कप जिंकला. आजही तो क्लब त्याच व्हॅली परेड मैदानावर खेळतो आणि मॅनिंगहॅमचाच गडद लाल आणि पिवळसर रंग अंगावर घालतो.

मॅनिंगहॅम आणि महिंद्रा, दोन्ही विजेते. दोन्ही बंद. पण मला दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक वाटतो. मॅनिंगहॅमचं काय करायचं ते सभासदांनी ठरवलं. भांडले असतील, रडले असतील, ते ३४ जण घरी जाऊन जेवलेही नसतील! पण त्यांना मत होतं. म्हणून खेळ गेला तरी मैदान राहिलं, रंग राहिला, माणसं राहिली. महिंद्राचे कप कपाटात असतील, आकडे पुस्तकात आहेत. पण त्या क्लबाचा उत्तराधिकारी असा कुणी नाही.

'अहो पण सभासदांच्या वर्गणीवर कुठं संघ चालतात का?' हा प्रश्न तुमच्या मनात आला असणार. रास्त आहे. मॅनिंगहॅमसुद्धा पैशाअभावीच रग्बीतून उठला, हे मी लपवत नाही. वर्गणीवर ब्राझीलचा खेळाडू येत नाही. आजच्या काळात कंपनीच्या पैशाशिवाय मोठी लीग चालणार नाही हे उघड आहे. २०१४ मध्ये प्रो-कबड्डी आली, कबड्डीपटूंच्या बोली लागल्या, आणि खेडोपाडीच्या पोरांना पहिल्यांदा कळलं की नोकरी न करताही नुसत्या चढाईवर घर चालू शकतं. यू मुंबा, पुणेरी पलटण यांनी विजेतेपदं आणली, आपण हॉस्टेलवर नाचलो. त्या पैशाला नाकं मुरडायचं काही कारण नाही.

पण महाराष्ट्रातच दुसरं उदाहरण आहे. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी याच मंडळाच्या पथकानं तिथं कबड्डीसह देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. पुण्याचं डेक्कन जिमखाना १९०६ चं. या संस्था शंभरी ओलांडून अजून उभ्या आहेत. त्यांचेही वाद असतील, राजकारण असेल. पण त्या कुणा एकाच्या मूडवर अवलंबून नाहीत. मैदान संस्थेचं, कारभार नोंदलेला, आणि एक गेला तर दुसरा येतो. कंपनीचा पैसा पाहुण्यासारखा यावा, घरमालकासारखा नको, एवढंच माझं म्हणणं.

आता आपल्याकडे या. बीड-मांजरसुंबा रस्त्यावर पाली आहे, बिंदुसरेच्या धरणाजवळ. या भागातल्या पोरांच्या अंगात काय ताकद आहे ते मी वेगळं सांगायला नको. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे घ्या. मजुरी करणाऱ्या आई-वडिलांचा मुलगा. ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य, आणि २०२३ मध्ये हांगझोऊला झालेल्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण! पाटोद्याचा राहुल आवारे घ्या. २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत कुस्तीचं सुवर्ण. दोघांचा आपल्याला अभिमान आहेच. पण एक प्रश्न विचारा. अविनाशचा खाडा कोणी भरला? भारतीय सैन्यानं. आधी महार रेजिमेंटमध्ये भरती झाला, धावणं त्यानंतर. राहुलला पुढे पोलीस दलात उपअधीक्षक म्हणून घेतलं. म्हणजे आजही आपल्या पोराला खेळायचं असेल तर आधी कुणीतरी त्याचा रोज भरावा लागतो. आणि ज्यांना असा कुणी भेटत नाही त्यांचं काय?

त्यांचं असं होतं. दसरा-दिवाळी झाली की गावातून गाड्या भरून निघतात, पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे. थंडी हा कबड्डीचा खरा मोसम. बरोबर त्याच वेळी गावातला सगळ्यात चपळ पोरगा फडात असतो, पहाटे मोळ्या वाहत. तो परत येतो उन्हाळ्यात, तेव्हा सामने संपलेले आणि अंग पिळवटलेलं. संघाच्या यादीत त्याचं नाव कधी लागतच नाही. आपण म्हणतो, 'आपल्याकडे टॅलेंट आहे पण सिरियसनेस नाही.' सिरियसनेस नाही कसा? खाडा परवडत नाही!

आणि गावातला संघ जेव्हा उभा राहतो, तेव्हा कसा राहतो तेही बघा. आमच्या भागातल्या एका मंडळाला एका भाऊंनी जर्सी दिल्या. नाव नको, गरजही नाही, असे भाऊ प्रत्येक गावात असतात! छातीवर भाऊंचा फोटो, पाठीवर नंबर. दोन वर्षं मॅटही आली, बक्षिसंही आली, रात्रीचे दिवे लागले. निवडणूक झाली, आणि पुढच्या वर्षी भाऊ फोन उचलेनात. संघ तिथंच संपला. पोरं म्हणाली, 'भाऊंनी सोडलं.' मला विचाराल तर भाऊंनी सोडलं नाही. संघ कधी पोरांचा नव्हताच. ज्याची उचल त्याचा कोयता!

महिंद्राचा क्लब आणि भाऊंचा संघ यांची तुलना कुणाला हसू आणेल. कुठं ड्युरँड कप आणि कुठं गावचा ढाल-चषक. पण पाया दोन्हीकडे सारखाच आहे.

आता कॉलेजकडे वळतो, कारण हे वाचणाऱ्यांत सर मंडळीही आहेत आणि हे त्यांना उद्देशूनही आहे. आपली टीम कोणाची आहे? बघायला गेलं तर आपल्या टीमचं भवितव्य तीन गोष्टींवर ठरतं. त्या वर्षीच्या स्पोर्ट्स सेक्रेटरीचा उत्साह, एखाद्या सरांची आवड, आणि गॅदरिंगमधून उरलेला पैसा. सेक्रेटरी पास-आऊट झाला, सरांची बदली झाली, की टीम शून्यावर. पुढच्या बॅचला हेही माहीत नसतं की पाच वर्षांपूर्वी आपण विद्यापीठात कुठवर गेलो होतो. बॉल कुठं ठेवलेत हेही माहीत नसतं!

म्हणून माझ्या काही सूचना आहेत. फार मोठ्या नाहीत, प्रिन्सिपॉल सरांच्या सहीपर्यंत पोचतील एवढ्याच आहेत.

पहिली. टीमला सभासद असावेत. खेळणारे आणि न खेळणारेही. दर महिन्याला मेसच्या एका चहाएवढी वर्गणी, रीतसर पावती, आणि वर्षातून एक सभा. तिथं हिशोब वाचायचा आणि हात वर करून ठरवायचं. मतं कमी पडली तर चालेल, पण मत असलं पाहिजे.

दुसरी. एक वही. कोण खेळलं, कुठं खेळलं, कितीनं हरलो. जिंकल्याचे फोटो सगळेच ठेवतात, हरल्याची नोंद ठेवणारा संघ जास्त टिकतो. वही सेक्रेटरीच्या ट्रंकेत नको, लायब्ररीत.

तिसरी, आणि सगळ्यात महत्त्वाची. खाडा भरा! विद्यार्थ्याचा खाडा म्हणजे अटेंडन्स, सबमिशन, टर्मवर्कचे मार्क, आणि काही जणांच्या बाबतीत खरोखरचा रोज. आपल्यातले काही जण सुट्टीत काम करून फी भरतात, हे आपल्याला माहीत आहे, फक्त बोलत नाही. असा मुलगा आंतरमहाविद्यालयीन सामन्याला गेला तर त्याच्या एस.टी.चं भाडं, जेवण आणि बुडालेला रोज टीमच्या निधीतून मिळावा. दान म्हणून नाही, नियम म्हणून. अटेंडन्सचंही तसंच. सामन्याचा दिवस हजर धरला जावा आणि त्यासाठी प्रत्येक सरांच्या केबिनबाहेर अर्धा तास उभं राहायला लागू नये.

चौथी. पुरस्कर्ता मिळाला तर जरूर घ्या, पण खर्चाचा अर्धा भाग आपलाच असू द्या. त्याचं नाव बॅनरवर असू द्या, छातीवर कॉलेजचं. तो उद्या गेला तरी परवाचा सराव चुकता कामा नये.

यातून उद्या कुणी साबळे घडेल असा दावा नाही. कदाचित आपण पहिल्याच फेरीत हरू. पण दहा वर्षांनी जी बॅच येईल तिला वहीत आपली नावं दिसतील, पेटीत बॉल सापडतील, आणि हेही कळेल की या टीममध्ये येण्यासाठी खिशात पैसे असावे लागत नाहीत.

कूपरेजवरच्या त्या विजेत्या क्लबाकडे कप होते, प्रशिक्षक होता, परदेशी खेळाडू होते. नव्हते ते फक्त मत असलेले सभासद. आपल्याकडे नेमकं उलटं आहे. बाकी काही नाही, पण माणसं भरपूर आहेत. जी गोष्ट पैशानं विकत मिळत नाही ती आपल्याकडे आहे, मग घोडं अडलंय कुठं?

पहिली सभा शनिवारी संध्याकाळी ग्राउंडवर घेऊ. वही मी आणतो. पेन मात्र प्रत्येकानं आपापलं आणावं!

— तृतीय वर्ष, मेकॅनिकल